कुंदन डिझायनर आणि सव्वीसचं बेअरिंग

आमच्या कुंदनला चहा दिला की तो आधी कप हवेत फिरवून बघतो. पितो नंतर. कप खालून कसा दिसतो, मागून कसा दिसतो, हे पाहिल्याशिवाय त्याच्या घशाखाली घोट उतरत नाही. हातात कप नसला तर नुसतं बोट फिरवतो, आणि समोरचा माणूस, झाड, रिक्षा, जे असेल ते मनातल्या मनात उलटंपालटं करून घेतो. मलाही त्यानं कितीदा तरी उलटं केलं असेल. माझ्या थोरल्या भावाचा नातू तो. तेवढा हक्क आहे त्याला.

शिक्षण मेकॅनिकलचं. नोकरी पनवेल स्टेशनजवळच्या एका डिझाइन ऑफिसात, एसीत बसून. हा संगणकावर यंत्रांचे भाग काढतो, आणि ते कुणीतरी कुठंतरी बनवतं. कुठं, ते बघायला हा कधी गेला नाही. मी विचारलं होतं एकदा. म्हणाला, "आबा, आता सगळं स्क्रीनवरच कळतं. हात काळे करायचे दिवस गेले." हात त्याचे खरंच फार सुंदर आहेत. नव्या नवरीचे असतात तसे.

स्क्रीनवर काय काय कळतं ते आम्हाला स्वयंपाकघराच्या ओट्यानं दाखवलं. मिस्त्री म्हणाला, उद्या येऊन करून टाकतो. कुंदन म्हणाला, थांबा, पद्धतीनं जाऊ. पद्धत म्हणजे अशी: आधी गरजा लिहायच्या, मग चार पर्याय काढायचे, मग प्रत्येक पर्यायाला मार्क द्यायचे, आणि ज्याला जास्त मार्क तो करायचा. चित्र मात्र देखणं काढलं हो! ओट्याखाली कपाट, कपाटात लाल सिलिंडर, सिलिंडरची सावलीसुद्धा. कपाट तयार झालं आणि सिलिंडर काही आत जाईना. दार त्याच्यापेक्षा चार बोटं अरुंद.

"स्क्रीनवर तर आत होता!" कुंदन म्हणाला.

होता ना. ह्यानं तो माऊसनं उचलून भिंतीतून आरपार आत नेऊन ठेवला होता. तिथं भिंत कुणाला अडवत नाही. आज सिलिंडर गॅलरीत आहे आणि कपाटात कांदे. कुंदनची आई सोनाबाई आल्यागेल्याला दार उघडून दाखवते, "ह्यो बगा माज्या इंजिनिअरनं कांद्यांना बांधलेला बंगला."

तर असा हा मुलगा लग्नाचा झाला.

मुलगी बघायला मी बरोबर होतो. मुलगी म्हणजे मोनाली, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी, आणि तिची आई गुणाबाई, उरण नाक्यावरच्या मासळी बाजारातल्या बायकांची पुढारी. गुणाबाईनं "पापलेट" म्हणून हाळी दिली की स्टँडवरून सुटलेल्या एसटीचा ड्रायव्हर ब्रेक दाबतो, असा तिचा आवाज. पोहे झाले. चहा आला, कुंदननं कप फिरवला, आणि मग फार आनंदानं म्हणाला, "मी पद्धतीनं ठरवलंय. पाच स्थळांना मार्क दिले. मोनाली पहिली आली. शंभरपैकी एक्क्याऐंशी!"

मोनालीनं विचारलं, "उरलेले एकोणीस कुठं गेले?"

मी त्याच्या पायावर पाय दिला. पण ह्या मुलाला खोटं बोलता येत नाही, तेवढीही अक्कल नाही. म्हणाला, "उंचीचे चार. स्वयंपाकाची खात्री नाही, त्याचे पाच. आणि दहा... आईंच्या आवाजाचे."

बशी खाली ठेवायचीसुद्धा कुणाची हिंमत होईना. मग गुणाबाई हसली. ते हसू बघून मला कुंदनची दया आली.

"बरा हाय," ती म्हणाली. "माल तपासून घेनारा हाय. मंग आमाला पन तपासू दे. आमी रोज मोगरीनं बर्फ फोडतो, खांदं गेलं आमचं. तू मशीनवाला ना? आमाला बर्फ फोडाची मशीन करून दे. पावसाल्यातली मासेमारीची बंदी उठली का पयली बोट येल, त्या दिवशी मशीन बाजारात चालली पायजे. चालली तं साकरपुडा. नाय चालली तं तुजं एक्क्याऐंशी तुज्यापाशी."

जिना उतरताना कुंदन माझ्या कानाशी म्हणाला, "आबा, मला हीच पाहिजे."

"मार्क जास्त म्हणून?"

"नाही हो. तिनं ते एकोणीस विचारले ना, म्हणून."

आता मला वाटलं, पोरगं जीव ओतून यंत्र काढेल. तर ह्यानं काय केलं? सरबतासाठी बर्फ फोडायचं एक छोटं यंत्र कुणा परदेशी माणसानं इंटरनेटवर फुकट ठेवलेलं होतं, सगळ्या भागांसकट. ते उतरवून घेतलं. मी म्हटलं, "अरे, गरजा, पर्याय, मार्क, ते सगळं कुठं गेलं?" म्हणाला, "आबा, दुसऱ्यानं डोकं लावलंय तर मी कशाला लावू?"

यंत्र छोटं होतं, म्हणून ह्यानं एक आकडा घातला आणि कळ दाबली. झालं की यंत्र सव्वापटीहून थोडं मोठं, एक पॉइंट तीन पट! जत्रेतल्या फुग्यासारखं सगळंच सारखं फुगलं. पेटी फुगली, दात फुगले, मधला फिरणारा शाफ्ट फुगला, बोल्टची भोकंसुद्धा फुगली. मग त्यानं संगणकातच त्याच्या ताकदीची परीक्षा घेतली. सगळं हिरवं आलं. हिरवं म्हणजे पास. ते हिरवं चित्र त्यानं मोनालीला पाठवलं. तिनं नुसता एक अंगठा पाठवला, तर हा दोन दिवस तो अंगठा मला दाखवत होता.

तळोज्याच्या एका वर्कशॉपनं चित्रात होतं तसं हुबेहूब कापून दिलं. कुंदन त्या चकचकीत भागांवरून हात फिरवत राहिला. राहिलं होतं ते फक्त शाफ्टला दोन बाजूंनी धरणारं बेअरिंग. ते आणायला आम्ही बाजारात ताहेरभाईच्या दुकानात गेलो.

"ताहेरभाई, सव्वीसची दोन बेअरिंग द्या."

"वीस घे, पंचवीस घे, तीस घे. सव्वीस कुठून काढलंस, मियाँ?"

"माझा शाफ्टच सव्वीस मिलिमीटरचा आहे."

"असा का?"

"मूळ वीसचा होता. मी स्केल केला."

"आणि बोल्ट?"

"तेराचे."

ताहेरभाईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्याकडे वळला. "चाचा, हा चप्पल घ्यायला येतो तेव्हा पाय घेऊन येतो, की नुसता आकडा सांगतो?"

कुंदन म्हणाला, "खरं म्हणजे कंपन्यांनी मधले साइज काढायला पाहिजेत."

"बरोबर! मी आजच जपानला फोन लावतो. म्हणतो, पनवेलमध्ये एक शादी अडलीय, जरा जल्दी करा."

मी इतका हसलो की मला दुकानातलं स्टूल द्यावं लागलं. कुंदन मात्र पांढरा पडला होता. शाफ्ट घासून पंचवीसचा केला, पंचवीसचं बेअरिंग आणलं. पण बेअरिंग बसायची खोबणसुद्धा फुगलेली! त्यात ते बेअरिंग डब्यातल्या सुपारीसारखं खुळखुळू लागलं. पेटी नव्यानं करायला वेळ नव्हता, कारण तोवर बातमी आली की बोट लागली. तेव्हा ह्या एसीतल्या इंजिनिअरनं सायकलची जुनी ट्यूब कापली आणि खोबणीत कोंबली.

"ही कुठली पद्धत?" मी विचारलं.

"आबा, प्लीज."

बाजारात मशीन टेंपोतून उतरली तेव्हा पापलेट आणि बांगड्यांच्या पाट्या लागलेल्या होत्या. मशीन येणार म्हणून त्या सकाळी एकाही बाईनं मोगरी हातात घेतली नव्हती. मोनालीही रजा काढून आली होती. कुंदननं बटण दाबलं. पहिला तुकडा आत गेला आणि खाली असा चुरा पडला की बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुंदननं मोनालीकडे पाहिलं. तेवढ्यात रबर जळाल्याचा वास आला, मशीन धडधडली, आणि ओल्या फरशीवरून चालायला लागली.

"ही हलते कशी? पाय तर मी फिक्स केले होते!"

"कुठं?" मोनालीनं विचारलं.

"सॉफ्टवेअरमध्ये!"

मशीन चालत चालत शेजारच्या सुरमईच्या पाटीपर्यंत गेली. तिथं वायर संपली, प्लग निघाला, आणि कुंदनचं पहिलं यंत्र सुरमईसमोर मान टाकून थांबलं.

सगळा बाजार हसला. पण मासळी उन्हात थोडीच थांबते? गुणाबाईनं मोगरी उचलली आणि कुंदनच्या हातात दिली. "फोड."

"सगळा?"

"मंग? सगळ्या बाया तुज्यावर इसंबून बसल्या. फोड."

त्यानं फोडला. सुरुवातीला मोगरी बर्फाच्या लादीवरून निसटून गुडघ्यावर येत होती. बायका ओरडून सांगत होत्या, "गोनपाट घाल वरनं, राजा!" "जोर लाव, पोहे खाल्लंस ना?" बाजार उठेपर्यंत त्याच्या त्या नवरीसारख्या हातांना फोड आले आणि शर्टाला बांगड्याचा वास लागला, पण एकही पाटी बर्फावाचून राहिली नाही. गोणपाटावर बसून तो गुणाबाईला म्हणाला, "मशीन चालली नाही, आई. मला कळलं." एवढंच. बोट फिरवलं नाही.

गुणाबाई लेकीकडे वळली. "सांग बाय. मशीन तं गेली. तुजं काय?"

मोनालीनं त्याचे हात उलटून पाहिले. लॅबवाली ती, फोड न्याहाळून बघणारच. म्हणाली, "मशीनचे शून्य. मार्क काढून आला त्याचे शून्य. खरं बोलतो त्याचे पंधरा. पळून गेला नाही त्याचे वीस. पस्तीस झाले. पास."

कुंदननं तोंड उघडलं. मला माहीत होतं, तो म्हणणार, मार्कांचं वजन बरोबर लावलं नाहीस.

"बोललास तर एक कमी करीन," मोनाली म्हणाली.

त्यानं तोंड मिटलं. जन्मात पहिल्यांदा.

साखरपुडा झाला. मशीन बाजारात गुणाबाईच्या पैशांच्या डब्याखाली स्टूल म्हणून उभी आहे. आता जराही हलत नाही. आणि अंगठी? कुंदन म्हणाला होता, मी डिझाइन करतो. गुणाबाई लेकीला घेऊन तडक सोनाराकडे गेली आणि बोटात घालून बघूनच आणली.