वाक काढणारं यंत्र

लाजेच्या आजारात किस्से फार साठतात, कारण ते सांगायचे कोणाला हाच प्रश्न असतो. आम्हा तिघा पेशंटांना निदान एकमेकांची सोबत मिळाली.

पन्नाशीत माझ्या लिंगाला आत गाठ धरून वाक आला, लांबीही घटली. धुळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनऐवजी ताण देणारं यंत्र दिलं. संगीताला, म्हणजे बायकोला, मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पाठ करून झोपायचो. तिला वाटायचं, माझं मन उडालंय. आजारापेक्षा मला त्याचीच भीती जास्त होती.

*

आमच्या जळगावात डॉक्टर नाहीत असं नाही. पण तिथं कोणी ओळखीचं भेटलं तर? म्हणून धुळं गाठलं. वेटिंग रूममध्ये बसलो, तर समोर पेपरमागे आमच्याच गल्लीतले सलीमभाई. आमच्या घरचं कपाट त्यांनीच बनवलंय.

"मेव्हण्यासाठी आलोय," ते म्हणाले.

"मीपण," मी म्हणालो.

शेजारी फैजपूरचे केळीवाले नाना होते. ते शांतपणे म्हणाले, "मंग मेव्हण्यायले घरीच ठेवलं का?"

*

यंत्र म्हणजे एक कडं, दोन बारीक दांड्या आणि स्क्रू. दांड्या हळूहळू वाढवायच्या असतात. सलीमभाईंना कुठला धीर? पहिल्याच आठवड्यात एकदम वाढवल्या. सूज आली, यंत्र बंद.

डॉक्टर रागावले. "फळी वाकली तर तुम्ही एका दिवसात सरळ करता का?"

"फळी वाकली तर मी बदलून टाकतो, साहेब."

*

नानांना व्हॅक्यूम पंप मिळाला होता. पारदर्शक नळी, हाताचा पंप, वर काटा असलेलं मीटर. घरात विचारलं तेव्हा नानांनी ठोकून दिलं, "ठिबकचं प्रेशर मोजायचं आहे ते."

धाकटा भाऊ सकाळीच ते घेऊन केळीच्या बागेत गेला. दुपारी परत आला तो वैतागून. "नाना, दुकानदारानं तुले फसवलं. हे हवा भरत नाही, ओढते."

एवढ्यावर थांबला नाही. बदलून आणतो म्हणून मोटरसायकलला किक मारली. नाना गाडीसमोर आडवे उभे राहिले.

*

एका संध्याकाळी लुंगीखाली यंत्र लावून बसलो होतो आणि सासरे आले. आमच्याकडे सासऱ्यांसाठी जावई उठतोच. मी बसल्या जागी हात जोडले. ते चहा न घेताच निघाले.

"माझ्या बापासाठी उठवलंही नाही तुम्हाला?" संगीताचे डोळे भरले. आता मात्र लपवणं शक्य नव्हतं. सगळं सांगितलं, यंत्रही दाखवलं.

तिनं स्क्रूला बोट लावून पाहिलं. "दुखतं का?"

"नाही."

"मग आधी बोलायचं ना. मी इथं आरशात बघून माझंच काय बिघडलं ते शोधत होते."

*

वाक मोजायला डॉक्टर घरी काढलेला फोटो मागतात. या वेळी तो संगीतानं काढला. "हसू नका, हलतो," असं बजावत होती आणि स्वतःच हसत होती.

धुळ्यालाही सोबत आली. डॉक्टरांनी फोटो मोठा करून पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "वाक जवळपास दिसतच नाही. इतक्या लवकर?"

माझी मान ताठ झाली.

संगीतानं पदर सावरला. "डॉक्टर, वाक दिसू नये म्हणून तर फोटो मी समोरून काढलाय. स्थळाला पाठवायचा फोटो असाच काढतात ना?"