माणसाएवढी पिशवी

लिहायला बसलो आहे, पण तेवढा माझा अधिकार नाही, म्हणून आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. कलेविषयी बोलायला जाणकार माणसं आहेत. मी फक्त एक काम कसं झालं ते सांगतो.

सव्वीस जुलैच्या पुराला वर्ष होत आलं होतं. मी बी.कॉम. करत होतो आणि रविवारी बदलापूरला एका सरांकडे चित्रकला शिकायला जायचो. वाटेत सोनिवलीजवळ झाडांच्या फांद्यांत पुरातल्या पिशव्या अजून लोंबत होत्या. पाणी कुठवर चढलं होतं ते त्यांवरून कळायचं. सर म्हणाले, मुंबईच्या एका प्रदर्शनासाठी टाकाऊ प्लास्टिकची कामं मागवली आहेत. तुझं निवडलं गेलं तर चित्रकलेच्या डिप्लोमासाठी मी तुझ्यासाठी शब्द टाकीन.

वडील अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "निवड झाली तर शीक चित्रकला. नाही झाली तर मुकाट्यानं बी.कॉम. पूर्ण करायचं. पुन्हा विषय नको."

मी माणसाच्या उंचीची बाजाराची पिशवी करायचं ठरवलं, पिशव्यांचीच पिशवी. खाली-वर वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवली की पिशव्या एकमेकींना चिकटतात आणि जाड कापडासारख्या होतात. आई कॅम्प तीनच्या सिंधी वस्तीत जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायची. तिथल्या शेठकडे मी फाटक्या पिशव्या मागितल्या.

"ले जा साईं, सब ले जा," तो हसत म्हणाला. "पर नीचे मेरे कारखाने का नाम मत लिखना!"

तेवढ्यानं भागेना, म्हणून चाळीत सांगून ठेवलं. आठवड्याभरात दारात ढीग लागला. मी खूश होतो. मग एका संध्याकाळी वाण्याकडे शेजारच्या काकू दिसल्या. कापडी पिशवी आणि तेलाची बाटली घेतल्याशिवाय त्यांना कधी दुकानात पाहिलं नव्हतं.

"साखर वेगळ्या पिशवीत दे, डाळ वेगळ्या," त्या सांगत होत्या. "आणि वरून एक मोठी."

"काकू, तुमची कापडी कुठाय?" वाण्यानं विचारलं.

"राहू दे ती घरी. आमच्या चाळीतल्या पोराच्या कॉलेजला लागतात." मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "बघ, कोऱ्या घेतल्यात. वापरलेल्या देऊन कॉलेजात आपली लाज काढायची का?"

चाळीतल्या सगळ्याच बायका असंच करत होत्या. मी घरी येऊन आईला सांगितलं. ती हसली. "मग? कुणाला काही द्यायचं तर माणूस चांगलंच देणार."

"पण आई, पिशव्या उगाच घेऊ नका, हेच सांगायला मी हे करतोय."

"तसं बोललास का त्यांना?"

बोललो नव्हतो. आता बोलणंही जड जात होतं. कोऱ्या पिशव्या फेकणं तर त्याहून वाईट. मी त्या सगळ्या एका बाजूला लावल्या, बंदांसकट. खाली पुठ्ठ्यावर लिहिलं: डावीकडच्या पिशव्या वापरून टाकलेल्या आहेत. उजवीकडच्या हे काम व्हावं म्हणून शेजाऱ्यांनी मुद्दाम घेतल्या.

सरांनी ते वाचलं. "दुसरी ओळ काढ. परीक्षक म्हणतील, कचरा पुरेना म्हणून नवा करवून घेतला."

"तसंच झालंय, सर."

"अरे, पण डिप्लोमा हातचा जाईल तुझा."

"हो सर," म्हणालो, पण ओळ काही काढली नाही. टेंपोत पिशवी चढवली, पुठ्ठ्यासकट.

नंतर काहीच कळेना. प्रदर्शनाची तारीख पुढे गेली, एवढंच सर सांगायचे. वडील पाळीवरून आले की चपला काढताना माझ्याकडे बघायचे. मी 'अजून नाही' अशी मान हलवायचो. ते जेवायला बसायचे. कॉलेजच्या परीक्षेचे पैसे त्यांनी न विचारताच भरून टाकले.

आमच्याकडे फोन नव्हता. सरांना काकूंच्या मुलाचा मोबाईल नंबर दिला होता. एका सकाळी काकू पिठाच्या हातानंच तो मोबाईल घेऊन आल्या. "घे, तुझे सर आहेत. लवकर बोल, चार्जिंग नाही."

"घेतलंय तुझं काम, त्या ओळीसकट," सर म्हणाले. "उद्या वडिलांना घेऊन ये, डिप्लोमाचं बोलू."