जपानीच्या पुढच्या सीटवर

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. हिंगणघाटात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. लोकांचे असे अनुभव वाचून बायकोची करमणूक करणारा माणूस मी. तरीही हे लिहितोय... कारण तो फोटो आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे.

बाबांचं कापडाचं दुकान होतं. १९९१ साली त्यांनी नागपूरहून एक जुनी जपानी गाडी आणली. सायीच्या रंगाची, लांबुळकी, आरसे दारावर नाहीत तर पार पुढे बोनेटच्या कडेला. गावात तिचं नावच 'जपानी' पडलं. दर दसऱ्याला गाडी धुवायची, आईने हळदकुंकू लावून ओवाळायचं, झेंडूचा हार घालायचा आणि मग स्टुडिओवाल्याने एक फोटो काढायचा. एकच — रोल जपून वापरायचा जमाना होता तो.

त्या सगळ्या फोटोंत बाबा दाराशी, एक हात टपावर ठेवून, नवरदेवाच्या थाटात उभे. आई एकातही नाही. कॅमेरा वर झाला की ती आरतीचं ताट घेऊन बाजूला व्हायची. म्हणायची, गाडी मालकाची, फोटोही मालकाचाच. गाडीतसुद्धा मागेच बसायची. पुढची सीट आजीची होती, पण आजी गेल्यावरही हिने जागा बदलली नाही. मी काय तुझा ड्रायव्हर आहे का, म्हणून बाबा कुरकुरायचे. ती खिडकीबाहेर बघत हसायची. बाबांनी तिला नावाने कधी हाक मारली नाही. माहेर आर्वीचं, म्हणून कायम 'आर्वीवाली'.

२००२ च्या उन्हाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि त्याहून वाईट म्हणजे ओळख गेली. मला ते शेजारचा कुणी समजायचे. गाडीचे पार्ट तर केव्हाचेच मिळेनासे झाले होते आणि आता चालवणारंही कुणी उरलं नाही. समुद्रपूरच्या सुधाकरभाऊंनी — त्यांचं तिथे कृषी केंद्र आहे — ती हौसेने विकत नेली.

पावसाळा सरताना बाबांना पुन्हा सावंगीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. आई सतत उशाशी. आणि बाबा तिला म्हणायचे, "बाई, जरासं पाणी देता काय?" देता काय... स्वतःच्या बायकोला! आई पाणी पाजायची, ओठ पुसायची. एकदा जिन्यात मला म्हणाली, "मले काई नको रे. जायच्या आंधी एक डाव ओळखाव त्याईनं मले." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तेवढी आशा धरू नका. ते मी आईला सांगितलं नाही.

दसरा दवाखान्यातच गेला. त्या दुपारी मी डबा घेऊन पोचलो तेव्हा आई स्टुलावर, भिंतीला टेकून झोपली होती. अंगावर निळं पातळ. चष्म्याची काडी आदल्याच दिवशी तुटली होती, ती तिने बँडेजच्या पांढऱ्या पट्टीने बांधली होती. मी तिला उठवलं नाही.

आमच्याकडे दसऱ्याचं सोनं कोजागिरीपर्यंत द्यायला चालतं. त्या हिशोबाने सुधाकरभाऊ दवाखान्यात आले. आपट्याची पानं आणली होती आणि सोबत दसऱ्याचा फोटो, गाडी मजेत आहे हे जुन्या मालकाला दाखवायला. वॉर्डाच्या दाराशीच तो माझ्या हातात देत म्हणाले, "वहिनी कवा आलत्या समुद्रपूरले? मले तं फोटोतच दिसल्या."

फोटोत भाऊ दाराशी उभे. आणि पुढच्या सीटवर आई. काचेतून स्वच्छ दिसत होती. निळं पातळ, चष्म्याच्या काडीला पांढरी पट्टी... गाडीत कोण बसलं होतं, मी विचारलं. कुणीच नाही, भाऊ म्हणाले, हार घातला तेव्हा गाडीला कुलूप होतं.

आईने फोटो पाहिला. खरं सांगतो, ती दचकलीही नाही. तिने तो सरळ बाबांच्या डोळ्यांसमोर धरला. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग नजर उचलून त्यांनी आईकडे पाहिलं.

"आर्वीवाली," ते म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द कळत होता. "पुढं बसली तू?"

"बसली," आई म्हणाली. "जागा खाली होती."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

बाबा दिवाळी पाहून गेले. तोवर दिवसभर आर्वीवालीच्या नावाने हाका चालायच्या आणि वरणात मीठ कमी म्हणून तिच्याशी भांडणंही.

नंतर मी समुद्रपूरच्या स्टुडिओत जाऊन निगेटिव्ह पाहिली. तिच्यातही आई आहे. एकावर एक फोटो निघाला असेल, कुणाचं तरी प्रतिबिंब असेल — सगळं ऐकून घेतलं. पण मग ती पट्टी? कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा.

आईला मी एकदाच विचारलं. ती मेथी निवडत होती.

"काऊन शोधून राह्यला तू?" ती म्हणाली. "त्याईनं मले ओळखलं. आणखी काय पाह्यजे तुले?"