भोक अक्काताईचं, आटे मंगलचे

उद्यमबागेतल्या एका छोट्या कारखान्यात मंगल आणि अक्काताई शेजारी शेजारी उभ्या राहायच्या. अक्काताई ड्रिलनं पट्टीला भोक पाडायची आणि मंगल आपल्या हातमशीनवर त्या भोकात टॅप, म्हणजे आटे कापायची पोलादी दांडी, फिरवून बोल्टासाठी आटे पाडायची. हात चालू असायचे, तोंडंही. नवरा गेल्यावर मंगलला हे काम अक्काताईनंच मिळवून दिलं होतं. मूलबाळ नव्हतं. गावचं घर दिराकडं राहिलं आणि मंगल मजगावात एका खोलीत राहायला आली. तिचं दिवसभराचं सगळं बोलणं त्या दोन मशीनींच्या मधल्या जागेतच व्हायचं.

मग अक्काताईचे गुडघे गेले आणि मुलानं तिला निपाणीला नेलं. तिच्या जागी कुणी आलं नाही. "दोन्ही मशीन तुम्हीच बघा," सुपरवायझर श्रीनाथ म्हणाला. बाकीचे कामगार परमुलखातले होते, आपापसात हिंदीत बोलायचे. मंगलशी कुणी वाईट वागत नव्हतं, बोलतही नव्हतं.

साधं लोखंड असेपर्यंत काम नीट चाललं. मग स्टेनलेस स्टीलच्या जाड पट्ट्या आल्या. बोल्ट सहा मिलिमीटरचा. भिंतीवरच्या तक्त्यात त्याला पाचचं ड्रिल लिहिलेलं. मंगलनं पाचनंच भोक पाडलं, तेल सोडलं, टॅप फिरवला. अर्ध्यात तो अडकला आणि कट्कन तुटून आतच राहिला. दुसऱ्या पट्टीतही तेच.

"तक्ता बरोबरच आहे की," श्रीनाथ बुचकळ्यात पडला. "अक्काताई काय करायच्या?"

स्टेनलेस आलं की अक्काताई कपाटातून वेगळं ड्रिल काढायची, एवढं मंगलनं पाहिलं होतं. कुठलं, ते कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती.

अक्काताईचा फोन लागेना. रविवारी तिनं निपाणीची बस धरली. पिशवीत अक्काताईला आवडणारा खव्याचा कुंदा घेतला. वाटेत मनात बोलण्याची जुळवाजुळव चालली होती; ड्रिलचं शेवटी विचारायचं, आधी बाकीचं सगळं सांगायचं.

अक्काताईच्या सुनेनं, सुनंदानं, दार उघडलं. "बरं झालं आलात. पर आत्ती आता कुणाला वळखत न्हाईत बघा."

अक्काताई खिडकीशी बसली होती. मंगल तिच्या पायाशी बसली.

"अक्काताई, मी मंगल."

"कुणाची गं तू?"

"उद्यमबागची. तुमच्या शेजारच्या मशीनवरची."

अक्काताईनं तिच्याकडं नीट पाहिलं, हसली आणि म्हणाली, "जेवलीस काय?"

"व्हय, जेवले," मंगल म्हणाली. ती जेवली नव्हती. ड्रिलचा विषय तिनं काढलाच नाही. कुंद्याचे घास भरवले, अक्काताईची वेणी घातली आणि उन्हं उतरायच्या आत बस पकडली. बसमध्ये शेजारची सीट मोकळी होती. तिथं पिशवी ठेवून ती बाहेर बघत राहिली.

सोमवारी तिनं श्रीनाथकडून स्टेनलेसचे टाकाऊ तुकडे मागून घेतले आणि कपाटातली ड्रिलं काढली. पाच-एकच्या, म्हणजे ५.१ मिलिमीटरच्या, भोकात टॅप गेला, पण हाताला जोर लागत होता. पाच-दोनच्या भोकात तो सरळ उतरला; चिवट स्टेनलेसला तेवढी जास्त जागा हवी होती. थोडा पुढं फिरवायचा, थोडा मागं घ्यायचा, की चुरा मोडून पडत होता. पाच-तीननं टॅप आणखी हलका गेला, पण बोल्ट आट्यात डुगडुगायला लागला. भोक मोठं झालं की आटे उथळ होतात, धरत नाहीत. मंगलनं पाच-दोनचा तुकडा शिकंज्यात धरला आणि पान्यानं बोल्ट दाबून आवळला. आटे टिकले. आटे तपासायचं गेजही बरोबर बसलं.

"झालं गं!" ती एकदम बोलून गेली आणि बाजूला वळली. तिथं ड्रिल मशीन नुसतीच उभी होती.

श्रीनाथला तिनं तुकडा दाखवला. तो खूश झाला, पाच-दोनची ड्रिलं मागवतो म्हणाला आणि फोन आला म्हणून बोलत बोलत निघून गेला. पुढं त्या पट्ट्यांत टॅप तुटला नाही.

जमेल त्या रविवारी मंगल आता निपाणीला जाते. अक्काताई तिला ओळखत नाही. मंगल आठवड्यात काय काय झालं ते तिला सांगते आणि ती मन लावून ऐकते. सोमवारी मंगल पुन्हा कामाला लागते. भोकं पाडून झाली की चार पावलं चालून दुसऱ्या मशीनपाशी जाते आणि आटे पाडते.