पाकटावरचा जावई

पनवेलच्या बाजारात परवा सुक्या पाकटाचा वास आला. लेकीने नाक दाबलं. मी मात्र तो छातीभर घेतला आणि मनाने थेट उरणला, सासऱ्यांच्या होडीत जाऊन बसलो.

ती होडी पाकट माशासारखीच चपटी आणि रुंद. म्हणून सगळा कोळीवाडा तिला चिडवून 'पाकट' म्हणायचा. सासऱ्यांनी हट्टाने तेच नाव तिच्यावर रंगवलं आणि होड्यांच्या शर्यतीआधी चारचौघांत सांगून टाकलं, "हरलो तर हिला होळीत घालीन!"

लग्नानंतरची माझी पहिली नारळी पौर्णिमा होती. मानाचा जावई म्हणून मला पांढऱ्या सफारी सुटात होडीत पुढे बसवलेलं. वल्ह्याला हात लावला की सासरे म्हणायचे, "जावयबापू, तुमी नुसते बसा." वजनाने मी दोन माणसांचा, कामाने अर्ध्याचाही नाही!

ओहोटी लागली. बाकीच्या होड्या खोल पाण्यातून वळसा घेत गेल्या आणि आमचं पाकट उथळ चिखलावरून सरळ सुटलं. काय पळत होतं! मी उभा राहून ओरडत होतो. किनारा हाताशी आला आणि होडी नेमकी माझ्याच बाजूला रुतली.

"दाजी, तुमचं वजन!" मेहुणा किंचाळला.

मी सफारीसकट उडी मारली. कमरेपर्यंत चिखल. मागून सासऱ्यांची आरोळी आली, "ढकल, गाढवा, ढकल!"

होडी सुटली, जिंकलीसुद्धा! मी चिखलातच नाचलो. तेव्हा वाटलं, हा जिंकल्याचा आनंद. आता कळतं, मी त्या 'गाढवा'साठी नाचत होतो. पाहुण्याला कोण शिवी देतं?