माणसांच्या आधी निघालेले पासपोर्ट

“पासपोर्ट कालच निघाले,” काकू म्हणाल्या.

मी फोनवरचा नंबर पुन्हा पाहिला. बरोबर होता. अंबरपेठचे रिटायर्ड काका आणि काकू, दुपारची फ्लाइट. “निघाले म्हणजे? तुम्ही तर घरी आहात!”

“प्रस्थान ठेवलंय की. परेशान नका होऊ.”

मी मूळची पुण्याची, विद्यानगरात ट्रॅव्हल एजन्सी चालवते. रिजेक्ट झालेले व्हिसा पाहिलेत, हरवलेल्या बॅगा पाहिल्यात. माणसाआधी निघालेले पासपोर्ट पहिल्यांदाच ऐकत होते. ऑटो करून थेट त्यांच्या घरी धडकले.

काकांनी समजावलं. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू शेजारी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण निघालोच. वस्तू परत घरात आणायची नाही, जाताना तिकडूनच उचलायची. यांनी पासपोर्टची थैली शेजारच्या तेलुगू सरोजम्मांकडे ठेवली होती. आता सरोजम्मांच्या दाराला कुलूप आणि त्या फोन उचलत नव्हत्या.

“अहो काकू, साडी ठेवायची, टॉवेल ठेवायचा! पासपोर्ट कोण ठेवतं?” माझा पारा चढला.

“मागच्या खेपेला साडीच ठेवली होती. ह्यांच्या छातीत कळ आली, एअरपोर्टवरनं दवाखान्यात गेलो. या वेळी म्हटलं, कच्चं काम नको.”

मी घड्याळ पाहिलं.

ही फ्लाय-क्रूझ होती. म्हणजे विमान आणि जहाज एकाच पॅकेजात. अथेन्सजवळ जहाजात चढायचं, ग्रीसची बेटं बघायची. जहाज छोटं, कॅसिनो नाही, घसरगुंड्या नाहीत, म्हणून पेन्शनीत बसणारं. पण सीझनची ही शेवटची फेरी. विमान चुकलं की जहाज गेलं. पुढच्या वर्षी डॉक्टर परवानगी देतील का, हे काकांनाही ठाऊक नव्हतं. ते नुसते बंद दाराकडे बघत उभे होते. मला गलबलून आलं.

“कुलूप तोडू या,” मी म्हटलं.

“लोकांच्या घराचं? छे!”

आता एअरलाइनला फोन करावा, पोलिसांना की गुरुजींना, मला काही सुचेना. तेवढ्यात काकूंचाच फोन वाजला. सरोजम्मा! मी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला.

“काकी, किधर हैं आप लोगां? मैं एअरपोर्ट पे कब से खड़ी हूँ!”

“वहाँ कायको गए आप?” मी विचारलं.

“काकी बोले ना, थैली घर कू वापस नक्को लाना, आगेच जाना. तो मैं आगे लेके आ गई. बस में फोन सुनाई नै दिया.”

काका-काकूंना विमान मिळालं, जहाजही मिळालं. डेकवरचा फोटो आला. काका हसताहेत, काकूंनी वाऱ्यात पदर दोन्ही हातांनी धरलाय.

हल्ली मी प्रत्येक मराठी क्लायंटला आधी विचारते, प्रस्थान ठेवणार का? ठेवणार असाल तर टॉवेल ठेवा. पासपोर्टच ठेवायचा असेल, तर आधी सरोजम्मांसारखी शेजारीण बघा.