चिंपांझीची शिवण

माझं ठरलेलं लग्न मोडायला जो निघाला, तो माणसाचा सगळ्यात जवळचा नातलग होता, असं प्राणिशास्त्र म्हणतं. मला त्यात नवल वाटलं नाही. लग्नं मोडायला जवळचेच नातलग पुढे असतात!

गोष्ट इंग्रजी अमदानीतली. बेळगावातल्या एका शाळेत मी शास्त्र शिकवीत होतो आणि टिळकवाडीत खोली घेऊन राहत होतो. वय सत्तावीस, प्रकृती बरी, डोक्यावर काळी टोपी. टोपीखाली काय आहे, हे फक्त मला आणि माझ्या न्हाव्याला ठाऊक होतं. (न्हाव्याला तरी काय म्हणा, त्याचं तिथलं काम केव्हाच संपलं होतं!) मानेवर मात्र केसांची दाट झालर होती. ती टोपीबाहेर ठेवली की वरही तसंच रान माजलं असेल, असं बघणाऱ्याला वाटे. शिवाय वडीलधाऱ्यांसमोर बोडक्यानं बसायचं नाही, हा तेव्हाचा रिवाज. तो ज्या कुणी पाडला, त्याचे माझ्यावर अनंत उपकार आहेत.

या रिवाजाच्या भरवशावर मी शहापुरात मुलगी बघून आलो. मुलीचं नाव इंदू. तिचे वडील आप्पा, चार हातमागांचे मालक. शहापुरी साडीचा पदर नुसता चिमटीत धरून कुणाच्या मागावरचा, हे सांगणारा माणूस! इंदूनं पोह्यांची बशी ठेवताना एकदाच वर बघितलं. पोह्यांत मीठ नव्हतं, हे मला घरी आल्यावर आठवलं, यावरून काय ते समजा. साखरपुडाही ठरला. आता मी फक्त गप्प बसायचं होतं.

पण माझे आई-वडील निपाणीला, त्यामुळे मला आवरायला जवळ कुणी नव्हतं. त्यातच गावात सर्कस आली. तिच्यात ‘मिस्टर टॉम’ नावाचा एक चिंपांझी होता. तो कोट-पाटलोण घालून सायकल चालवी आणि चहा बशीत ओतून फुंकून पिई. पुढच्या वेळी शहापुरात गेलो, तर आप्पांनी तोच विषय काढला.

“मास्तर, त्या सर्कशीतलं माकड बघितलासा काय?”

“आप्पा, ते माकड नव्हे, चिंपांझी. आपला चुलतभाऊच म्हणा ना!”

“आमच्यात असला कोण न्हाय! आन् शेपूट कुटाय त्येला? शेपूट न्हाय तर माकड कसलं? आत माणूस बसलाय, मास्तर. वर केसाळ कापड चढवलंय.”

आप्पांचा राग चिंपांझीवर नव्हता, कापडावर होता. ते कापड विणलं कुणी, यावर अख्खं शहापूर आठवडाभर डोकं खाजवीत होतं. शहापुरात कुणी विणलं नव्हतं, वडगावात विणलं नव्हतं. म्हणजे सोलापूरवाल्यांनी विणलं! सोलापूरला जमतं आणि आपल्याला जमत नाही, ही गोष्ट आप्पांना जेवण गोड लागू देत नव्हती.

“आप्पा, तो खराखुरा प्राणी आहे,” मी छाती काढून म्हणालो. “अशा मोठ्या वानरांना शेपूट नसतंच. शास्त्राचा मास्तर म्हणून मी शब्द देतो.”

“देतासा? बरं. रविवारी सकाळी समदी मिळून जाऊया. जनावर निघालं तर साखरपुडा. आन् शिवण घावली, तर उगंच शब्द देणाऱ्याला मी पोरगी देत न्हाय!”

झालं! माझा संसार आता एका चिंपांझीच्या खरेपणावर येऊन ठेपला.

रविवारी आप्पा, त्यांच्या पत्नी आक्का, इंदू आणि मी सर्कशीच्या तंबूत हजर. टॉमला सांभाळणारा मलबारी गडी भला माणूस होता. शाळामास्तर म्हटल्यावर त्यानं आम्हाला आत घेतलं. टॉम कोट काढून, नुसत्या पाटलोण-बुटांत एका पेटीवर बसून केळं सोलत होता. आक्का आणि इंदू मागच्या बाकावर बसल्या. मी घसा साफ केला आणि वर्गात उभा असल्यासारखा सुरू झालो.

“हा हात बघा आप्पा. पाच बोटं. बोटांना नखं. तळहातावर रेषा!”

“माणूसच हाय,” आप्पा म्हणाले.

“तोंड उघडलं की बघा. दात मोजले तर आपल्याइतकेच, बत्तीस!”

“मग? माणूसच की!”

“कान बघा, अगदी आपल्यासारखे...”

“आवो मास्तर, तुमी माझीच बाजू मांडतासा न्हवं!”

मला घाम फुटला. वर्गात ज्या साम्यावर मी टाळ्या घेत असे, तेच साम्य इथं माझ्या मुळावर आलं होतं! तोवर आप्पा पुढे सरकले. त्यांनी टॉमच्या दंडावरचे केस चिमटीत धरले, चोळले, फुंकर मारून बाजूला केले आणि डोळे बारीक केले.

“पोत झ्याक हाय,” ते मान्य करीत म्हणाले. “पर उभा धागा घावंना.”

“हाथ मत लगाना, साब!” गडी ओरडला. पण मालाची पारख करायला निघालेला विणकर असा थोडाच थांबतो? अंगरख्याला शेवटची शिवण बगलेत येते, या हिशोबानं आप्पांनी थेट टॉमच्या बगलेत हात घातला. टॉमनं तोंड वासलं आणि धापा टाकल्यासारखा ‘हॅ हॅ हॅ’ करीत तो खिदळू लागला. (चिंपांझीला गुदगुल्या होतात, हे पुस्तकात होतं. पण सांगायची ही वेळ नव्हती!)

“हासला!” आप्पा गर्जले. “गुदगुल्या झाल्या त्येला! ए, भाईर ये! कुटला रं तू? सोलापूरचा काय?”

माझ्या डोळ्यांसमोर इंदू दुसऱ्याच्या घरात पोहे करताना दिसू लागली. अगदी शेवटच्या क्षणी मला सुचलं. मी गड्याला म्हणालो, “भाई, इसका बूट निकालो!” बूट निघाला. टॉमनं पाऊल पसरलं आणि पायाच्या अंगठ्यानं केळ्याची साल पकडून वर उचलली.

आप्पा वाकले. त्यांनी तो अंगठा बघितला, स्वतःचा बघितला, परत तो बघितला. मग हळूच म्हणाले, “पायालाबी हातच हाय की वो. असा पाय कुठल्या माणसाला असतोय? जनावर हाय. सोलापूरवाल्यांचं काय न्हाय ह्यात!”

त्यांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान! मी जिंकलो होतो. तिथून तडक निघालो असतो, तर ही आठवण इथंच संपली असती.

पण चिंपांझींच्यात एक रीत आहे. एकानं केस चिवडून दिले की दुसरा त्याची परतफेड करतो. आप्पांनी टॉमचे केस चांगले पाच मिनिटं चिवडले होते. टॉम उपकाराला जागणारा होता, फक्त माणूस ओळखण्यात चुकला. त्यानं लांब हात करून माझी मान जवळ ओढली, टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि कामाला लागला.

टॉमनं माझ्या टाळूवर पुढून मागं बोट फिरवलं. मग मागून पुढं. बोट चाटून पुन्हा फिरवलं. मग माझ्या तोंडाकडे अशा काही करुणेनं बघितलं, की तेवढी पुढं कुणा वैद्यानंही दाखवली नाही.

“मास्तर,” आप्पांचा आवाज खोल गेला, “ह्ये काय?”

मान न हलवता मी पुटपुटलो, “आप्पा, यात काही विशेष नाही. चिंपांझींनाही म्हातारपणी टक्कल पडतं.”

“म्हातारपणी? मग तुमचं खरं वय काय वो?”

मी डोळे मिटून घेतले. मला फार वाईट वाटलं, इंदूसाठी वाटलं. तेवढ्यात बाकावरून आक्का कडाडल्या.

“गप बसा वो तुमी! एवढं दांडगं जनावर डोक्यात बोटं घालतंय, पर मास्तर हूं का चूं करंनात. तुमच्या धोतरावर पाणी उडालं तर तुमी गल्ली गोळा करतासा! असला शांत माणूस कुटं घावायचा? केसांनी काय संसार करायचाय? इंदे, तू काय म्हणतीस गं?”

“मला चालतंय,” इंदू पदर तोंडाशी धरून म्हणाली. “पर टोपी तेवढी त्येच्याकडनं मागून घ्या म्हणावं.”

लग्न झालं. माझ्या शांत स्वभावाचं सासरी अजून कौतुक होतं. खरी गोष्ट एवढीच, की चिंपांझीच्या अंगात माणसाच्या कितीतरी पट ताकद असते हे मी वाचलेलं होतं, आणि भीतीनं माझ्या तोंडून पुटपुटण्यापलीकडे काही फुटत नव्हतं. ओरडायची इच्छा फार होती हो! पुढं इंदूचा आवाज चढू लागला, की मी तसाच हूं की चूं न करता बसू लागलो. शेजारीपाजारी म्हणतात, मास्तर भारी शांत. कारण अजून तेच आहे!